सातव्या आठवड्याची तपासणी

बाळंतपणाला सात आठवडे झाले तरी पलंगावरून उठायचं म्हणजे तिला आधी कुशीवर वळावं लागे, मग कोपरावर भार टाकावा लागे आणि मग एकेक पाय खाली. खोकला आला की ती असेल तिथे पाय आवळून थांबायची. प्रसूतीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, की फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. ती चिठ्ठी तीन आठवडे औषधांच्या डब्याखाली पडून होती. शेवटी मंगळवारची, सकाळी अकराची वेळ मिळाली. पूर्ण चाळीस मिनिटं.

"एकटी कशी जाशील?" सासूबाई म्हणाल्या. "बाळाला कोण धरणार? मी येते."

"मग मीपण येतो," नवरा म्हणाला. "हाफ डे टाकतो. नवऱ्याने अशा वेळी सोबत असायला हवं, आमच्या ऑफिसात हल्ली फार बोलतात त्यावर."

तिच्या मदतीला दोघंही निघाले. बाळाची पिशवी मात्र तिच्याच खांद्यावर आली, कारण तिच्यात काय कुठे आहे हे बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत पडदे लावलेल्या तीन खाटा होत्या आणि आत तपासणीची छोटी खोली. फिजिओथेरपिस्ट बाई हसतमुख होत्या. "या, बसा. काय त्रास होतोय?"

"कंबर फार..." तिने सुरुवात केली.

"कंबरेचं म्हणाल तर माझीसुद्धा, डॉक्टर," बाळाला मांडीवर सावरत सासूबाई म्हणाल्या. "आणि गुडघ्याचं तर विचारूच नका."

बाईंनी विचारलं नव्हतं. पण वयाचा मान म्हणून त्यांनी एकदा गुडघा वाकवून बघितला. कट्ट आवाज झाला.

"ऐकलंत?" सासूबाईंनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

त्या आवाजाचा बावीस वर्षांचा इतिहास ऐकण्यात बारा मिनिटं गेली. मग सासूबाईंना पहिल्या खाटेवर शेक लावून झोपवलं, म्हणून बाळ नवऱ्याकडे आलं. त्याने ते उचललं आणि तो ओरडला, "आई गं!"

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मान. डिलिव्हरी झाल्यापासून मला फार त्रास होतोय."

"झोपता कसे?"

"बाहेर सोफ्यावर. आत रात्रभर बाळ रडतं ना."

"मग त्याला घ्यायला उठता का?"

"नाही, म्हणून तर सोफ्यावर."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. पण मान खरोखरच लाकडासारखी झाली होती, सोडून देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. दुसऱ्या खाटेवर त्याच्या हनुवटीला पट्टा बांधून मान ताणायला लावली. "तीन आठवडे काही उचलायचं नाही."

"बाळसुद्धा?" त्याने दातांतून विचारलं.

"काही दिवस बाळसुद्धा नको."

त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते तिने बाळ झालं त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

आतल्या खोलीत पोचेपर्यंत घड्याळात अकरा एकतीस झाले होते. बाळ आता अर्थातच तिच्याकडे. ते छातीवर घेऊनच ती टेबलावर आडवी झाली. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पोटाच्या स्नायूंमध्ये तीन बोटांची फट आहे. इतके दिवस कशी वावरताय तुम्ही?"

सात आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "ढकलतेय कसंतरी."

"जड उचलत नाही ना?"

"छे. बाळ, त्याची पिशवी, बादल्या, ओल्या कपड्यांचा पिळा. बाकी काही नाही."

"घरी दुसरं कुणी नाही?"

तिने बाहेरच्या पडद्यांकडे बोट दाखवलं.

"व्यायाम दाखवते," बाई घाईने म्हणाल्या. "घरी तेवढे कराच." त्या खाली चटईवर उताण्या झाल्या, गुडघे दुमडले, कंबर वर उचलली. आणि तशाच राहिल्या.

ती लक्षपूर्वक बघत राहिली. "किती वेळ धरायचं असं?"

"धरलेलं नाही," बाई कण्हल्या. "उसण भरलीय."

एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताने बाई, अशी कसरत करून तिने त्यांना उठवलं आणि आपल्याच जागी टेबलावर झोपवलं. उठवताना तिच्या पोटात कळ आली, पण ती सांगायची कुणाला?

"तुम्हालाही कंबरेचा त्रास?" तिने विचारलं.

"मुलगी झाली तेव्हापासून. पाच वर्षं."

"तपासून नाही घेतलंत?"

"कुणाला दाखवू? इथे मीच असते." बाईंनी डोळे मिटून घेतले. "ती फाइल घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा."

मग बाळाला खालच्या चटईवर निजवून तिने स्वतःच्या फाइलीत स्वतःचे व्यायाम स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले. सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा.

"शेवटी लिहा, तपासणी पूर्ण, प्रकृती समाधानकारक."

"कुणाची?"

"लिहा हो. तो रकाना रिकामा सोडता येत नाही."

तिने लिहिलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं. पाच-सहा आठवड्यांचं बाळ घेतलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली एक मुलगी आत डोकावली. टेबलावर पेशंट आहे आणि शेजारी फाइल-पेन घेतलेली बाई उभी आहे, एवढंच तिला दिसलं.

"मॅडम, माझी पावणेबाराची वेळ आहे. आत येऊ?"

त्या मुलीच्या पाठीमागून एक ठसठशीत आवाज आला. "विचार गं त्यांना, माझ्या खांद्याचंही बघतील का?"

तिने टेबलाकडे पाहिलं. बाई हलत नव्हत्या.

"सोबत कोण कोण आलंय?" तिने मुलीला विचारलं.

"सासूबाई आणि हे."

"तू एकटीच आत ये," ती म्हणाली. "आणि आधी आतून कडी लाव."