सरदार पुंडलिकरावांचा जबडा

घरातला माणूस आजारी पडत नसतो, तो कोणावर तरी जात असतो, हे कुटुंबसंस्थेचं मूलभूत तत्त्व आहे. घाम आजोबांचा, चिडचिड आत्याची, सुटलेलं पोट आजोळचं. या एका तत्त्वामुळे तपासणीसाठी जाणारं केवढं तरी रक्त दरवर्षी वाचतं.

जबलपूरच्या विजय नगरात राहणारे श्यामसुंदर हे सरदार पुंडलिकरावांवर गेले होते. पुंडलिकराव म्हणजे घराण्याचे मूळपुरुष. भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. दिवाणखान्यात त्यांचं तैलचित्र आहे. हातभर जबडा, भक्कम नाक, पुढे आलेलं कपाळ. श्यामसुंदरांचे काका बाबाराव यांनी पेंटरसमोर बसून स्वतः वर्णन सांगत ते काढून घेतलं, त्यामुळे त्याच्या अस्सलपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

बाबाराव निवृत्त मुख्याध्यापक आणि तिथल्या मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. पाण्याने भरलेला तांब्या जवळ असल्याशिवाय ते बोलायला बसत नाहीत, आणि बसले की तो दोनदा भरून आणावा लागतो.

श्यामसुंदर लग्नात शेलाटे होते. (अल्बम आहे.) पण चाळिशीच्या आसपास त्यांच्यात सरदार उतरू लागले. आधी पायांत उतरले: चपलेचा नंबर आठाचा नऊ, नवाचा दहा झाला. कंपन्या हल्ली मापात चोरी करतात, असं ठरलं. मग बोटांत उतरले आणि अंगठी कापून काढावी लागली. ती सासरच्यांनी मुळात लहान केली होती, असं निघालं. दातांत फटी पडल्या, तो भाग्ययोग. आवाज घोगरा झाला, तो भारदस्तपणा. जानेवारीतही शर्ट घामाने भिजू लागला, ते सरदारी रक्त. डोकं दुखू लागलं, तो मोबाईल.

डॉक्टरांकडे ते गेले नाहीत असं नाही. प्रत्येक अवयव ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे रीतसर वर्ग करण्यात आला. दातवाल्यांनी तारा बसवल्या, हाडवाल्यांनी मनगटाला पट्टा दिला, घोरण्यासाठी एकांनी कुशीवर झोपण्याची शिफारस केली. एकाही डॉक्टरने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं नाही. व्यावसायिक सभ्यतेचा इतका उत्तम नमुना मध्य भारतात दुसरा नसावा.

विरोधी मत फक्त एक होतं, ते पत्नीचं. "काकाजी," अवंतिका एकदा म्हणाली, "मी लग्न केलं तो माणूस हा नाही, असं मला काहून वाटून राहिलं?"

"अगं, लग्नानंतर ते सगळ्यांनाच वाटतं," बाबाराव म्हणाले, आणि पाणी प्याले.

मंडळाने मात्र कदर केली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत सरदार म्हणून घोड्यावर बसण्याचा मान तीन वर्षं एकमताने श्यामसुंदरांना मिळाला. दर वर्षी पगडी नवी शिवावी लागे. घराणं दरसाल वाढतं आहे याचा याहून ठोस पुरावा काय असणार?

असा सर्वत्र आनंदीआनंद असताना श्यामसुंदरांना डावीकडची वाहनं दिसेनाशी झाली. एका सकाळी मुलीला, वैभवीला, मागे बसवून ते स्कूटर चालवत होते. डावीकडून आलेली ई-रिक्षा त्यांना दिसली ती वैभवीच्या गुडघ्याला घासून गेल्यावर. गुडघा थोडाच सोलला होता. पण श्यामसुंदर मनापासून घाबरले. घरी कोणाला बोलले नाहीत, कारण सरदार घाबरत नसत.

मदत शेवटी शासनाकडून आली. त्यांच्या कार्यालयात मोबाईलमध्ये चेहरा दाखवून हजेरी लावण्याची पद्धत सुरू झाली होती, आणि यंत्राने श्यामसुंदरांचा चेहरा नाकारला. नोंदीतला फोटो नोकरीला लागतानाचा होता. संपूर्ण जबलपुरात हा माणूस बदलला आहे हे एका यंत्राच्या तेवढं लक्षात आलं आणि त्याने त्यांना गैरहजर मांडलं. साहेब सज्जन होते. ते म्हणाले, "भैया, तुम ही श्यामसुंदर हो, इतना किसी डॉक्टर से लिखवा लाओ."

ते लिहून घ्यायला श्यामसुंदर डॉ. ऋचांकडे गेले. बाई तरुण होत्या आणि त्यांना व्यवसायाचे शिष्टाचार ठाऊक नव्हते. त्यांनी जुना फोटो बघितला, समोरचा चेहरा बघितला आणि हद्द ओलांडून भलतंच विचारू लागल्या. चपलेचा नंबर बदलला? अंगठी घट्ट झाली? घाम? घोरणं? डोकं? कडेचं दिसतं का?

श्यामसुंदर हो म्हणत गेले. सहावं हो म्हणताना त्यांचा तो भारदस्त आवाज फुटला. आपल्या सगळ्या तक्रारी एका माणसाने एका दमात विचारल्या, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

रक्त तपासलं, डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ होती आणि ती वाढीचं हार्मोन बेसुमार सोडत होती. कर्करोग नव्हे. नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन होतं, नागपूरला. "पण लवकर करा," डॉ. ऋचा म्हणाल्या. "गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबून राहिली आहे. गेलेली नजर परत येईलच याची खात्री नाही."

बाबारावांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. (अध्यक्षांना वरचेवर बाथरूमला जावं लागल्याने ती दोनदा थांबली.) विषय एकच होता: सरदारांच्या जबड्याचं भवितव्य.

"श्याम, ऑपरेशन कर, मी कुठे नाही म्हणून राहिलो?" बाबाराव म्हणाले. "पण शिवजयंती झाल्यावर कर. घोडा ठरला आहे."

"काका, मला डावीकडचं दिसत नाही जी."

"घोड्याला दिसतं."

यावर सभेने समाधान व्यक्त केलं. श्यामसुंदरांनी तैलचित्राकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या वैभवीकडे बघितलं. ती डावीकडे उभी होती, म्हणून त्यासाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. "मग पगडी घोड्यालाच घाला," ते म्हणाले आणि उठले. सरदार पुंडलिकरावांसारखं ते खऱ्या अर्थाने त्या एकाच क्षणी दिसले, पण तेव्हा नेमकं कोणी तसं म्हटलं नाही.

मिरवणूक निघाली त्या दिवशी ते नागपूरच्या दवाखान्यात नाकात बोळे घालून पडले होते. तिसऱ्या दिवशी वैभवी पलंगाच्या डाव्या बाजूने आली आणि मान न वळवता त्यांना दिसली. ते रडले. बोळ्यांमुळे त्यांना ते नीट जमलं नाही, पण रडले.

हाडं वाढली ती वाढली, सूज तेवढी उतरेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जबडा कायम राहणार, हे कळताच मंडळाने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला. कार्यालयाच्या यंत्रानेही नव्या चेहऱ्याची नोंद घेतली, आणि सूज उतरल्यावर तो परत नाकारला.

ऑपरेशनचा दुष्परिणाम एकच झाला. श्यामसुंदर आता माणसांकडे नीट बघतात. परवा बाबाराव भेटायला आले, तांब्या घेऊन. कुडता खांद्यावरून घसरत होता. "बघ," ते कौतुकाने म्हणाले, "या वयात पोट नाही. काही न करता उतरून राहिलो."

"काका, तहान फार लागते का जी? रात्री उठावं लागतं?"

"आपल्या घराण्याला पाणी लागतंच. सरदारांची पखाल वेगळ्या बैलावर असायची."

"उद्या सकाळी काही न खाता माझ्यासोबत चला. साखर तपासून घेऊ."

बाबाराव दुखावले. तपासायला अजून गेलेले नाहीत.

हा तांब्या या कथेत पहिल्यापासून आहे. सभा कशामुळे थांबली, तेही लिहिलं होतं. सुज्ञ वाचकांनी ते तिथेच ओळखलं असेल. नसेल ओळखलं, आणि काकांचा स्वभाव म्हणून हसून पुढे आला असाल, तर मंडळात सभासदांच्या जागा शिल्लक आहेत. अर्ज भरताना घरातल्यांकडे पाहायची गरज नाही. तेही कोणावर तरी गेलेच असतील.