सुगीचं जेवण फेन्स्के यांच्या घरी

ऑर्विन फेन्स्केने अधीक्षकबाईंना दुसऱ्यांदा फोन करायचा नाही असं ठरवलं. झालं ते एवढंच. पुढच्या सगळ्या प्रकाराला तो अजूनही ‘जरासा गैरसमज’ म्हणतो. त्याची बायको लुएला दुसरा शब्द वापरते.

विस्कॉन्सिनातल्या ऑल्डर क्रीक शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या शाळांच्या, कचेरीत ऑर्विन वार्तापत्र काढायचा. पानगळीचा अंक तसा सोपा असतो. मुलांच्या फोटोचा दिवस, फ्लूची लस, पालकसभा, बसच्या बदललेल्या वेळा आणि शेवटी सुगीचं जेवण. हे जेवण दरवर्षी हायस्कूलच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या दालनात, व्हायचं. सूप शाळेचं, बाकीचे पदार्थ लोकांनी घरून आणायचे आणि शाळेचा बँड ऐकत जेवायचं. (बँड असला की लोक भराभर जेवतात, असं ऑर्विनचं निरीक्षण होतं.) यंदा मात्र पाइप फुटला आणि जिमची लाकडी जमीन पुरीसारखी फुगली. तेव्हा जागेचं काय, हे विचारायला त्याने अधीक्षक मॅग्नसनबाईंना फोन लावला. बाई गाडी चालवत होत्या.

“मॅडम, अंक तयार आहे. फक्त शनिवारच्या सुगीच्या जेवणाचं काय करू?”

“ते सध्या तुझ्याकडेच ठेव.”

“माझ्याकडे?”

“मग काय माझ्याकडे? आणि ऑर्विन, उगाच गाजावाजा नको.”

फोन बंद झाला. ऑर्विन खुर्चीत बसून आपल्या दिवाणखान्याचा विचार करू लागला. सोफा भिंतीला लावला तर दहा माणसं मावली असती. उभी राहिली तर पंधरा. बाईंना परत विचारावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण मागे एका बैठकीत बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “एकदा सांगितलेलं तुला कळतच नाही का रे?” त्याने फोन खाली ठेवला आणि अंकात आपला पत्ता घातला. गाजावाजा नको म्हणून बारीक अक्षरात.

खरी अडचण घरी होती. लुएलाची थोरली बहीण व्हर्ना त्याच शनिवारी जेवायला येणार होती. दोघी बहिणींचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. कशावरून ते ऑर्विनला माहीत नव्हतं, विचारलं की लुएला म्हणायची, “जाऊ दे.” आता व्हर्नाने आपणहून फोन केला होता. आठवडाभर लुएला पडदे धूत होती, काचा पुसत होती आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत होती. अशा बाईला बातमी सांगायची कशी?

“शनिवारी समजा आणखी कुणी आलं तर?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कोण येणार आहे?”

“असंच. लोक.”

“आपल्याकडे लोक कशाला येतील?”

वार्तापत्र तरी कोण वाचतं, अशी ऑर्विनने मनाची समजूत घातली. मागच्या वर्षी त्याने फोटोचा दिवस चुकीच्या महिन्यात छापला होता, तर एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. पण यंदा जिम फुगल्यामुळे जेवण कुठे, हा गावापुढचा मोठा प्रश्न होता. ऑर्विनच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा अंक सगळ्यांनी वाचला.

शनिवारी दुपारी चारला दारावर टकटक झाली. लुएलाने केस सारखे केले, एक श्वास घेतला आणि दार उघडलं. बाहेर शाळेची बस चालवणारा डेलबर्ट उभा होता. त्याच्या हातात बटाट्याच्या सॅलडचं पातेलं होतं, मागे बायको, चार मुलं आणि सात घडीच्या खुर्च्या.

“सातवी आईसाठी,” तो म्हणाला. “ती गाडीत आहे. बाथरूम कुठंय?”

पाच वाजेपर्यंत गर्दीखाली अंगणातली पानं दिसेनाशी झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघराच्या गाडीतून सुपाचे हंडे उतरले. नंतर बँड आला. ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य दारातून आत जाईना म्हणून ते वाजवणाऱ्या मुलीने खिडकी उघडली आणि बाहेरूनच आत वाजवायला सुरुवात केली.

लुएला फक्त ऑर्विनकडे बघत होती. (लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.)

एवढ्यात फाटकाशी व्हर्ना दिसली. हातात घरी भाजलेल्या ॲपल पायची थाळी, अंगात चांगला कोट. गर्दी बघून ती जागच्या जागी थांबली.

“मला एकटीला भेटायची भीती वाटली होय गं तुला?” ती म्हणाली. “साक्षीदार बोलावलेस?”

“व्हर्ना, देवाशपथ, यातल्या एकालाही मी बोलावलेलं नाही.”

“मग कुणी?”

लुएलाने नुसती मान वळवली. व्हर्नाने त्या दिशेला पाहिलं. तिथे ऑर्विन होता. ती बराच वेळ त्याला न्याहाळत राहिली, मग थाळी त्याच्या हातात देऊन कोटाची बटणं काढू लागली.

“जास्तीचा एप्रन आहे का गं?” तिने बहिणीला विचारलं.

दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज आले, मग बोलण्याचे, आणि मग हसण्याचे. ऑर्विनला धीर आला. तो आत जाणार तोच मॅग्नसनबाई समोर आल्या.

“ऑर्विन, मी तुला काय सांगितलं होतं?”

“तुमचे शब्द होते, तुझ्याकडेच ठेव.”

“बातमी, ऑर्विन. जागा ठरेपर्यंत बातमी तुझ्याकडे ठेव म्हटलं होतं.” त्यांनी रिकामा वाडगा पुढे केला. “सूप संपत आलंय. बघ जरा.”

आठच्या सुमारास अंगण मोकळं झालं. व्हर्ना निघाली तेव्हा बहिणींनी फाटकाशी एकमेकींना घट्ट मिठी मारली आणि डोळे पुसले. ऑर्विन हंडा घासत खिडकीतून हे सगळं बघत होता आणि त्याला मनापासून वाटलं की आपल्या हातून नकळत का होईना, एक चांगलं काम झालं.

लुएला आत आली आणि फडकं घेऊन भांडी पुसू लागली.

“मिटलं ना?” त्याने विचारलं.

“मिटलं.”

“मग आता तरी सांग, भांडण कशावरून होतं?”

“तुझ्यावरून,” लुएला म्हणाली. “लग्नाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, या माणसाला साधा निरोपसुद्धा धड कळत नाही. मी तिला घराबाहेर काढलं होतं.”

ऑर्विन हंडा घासायचा थांबला.

“आणि आज?”

“आज मी तिची माफी मागितली.”