टाकीतला आरसा

आरसा हरवल्याचं मिस्त्रींना मंगळवारी सकाळी कळलं. धुतलेल्या कोटाच्या खिशात हात घातला, तर खिसा रिकामा.

गुलाबी मुठीचा, तळहाताएवढा तो आरसा त्यांच्या बायकोचा. ती जाऊन आठ महिने झाले होते. मिस्त्री ज्या प्रयोगशाळेत होते तिथे सूर्याच्या पोटात चालतं तेच एका पोलादी टाकीत घडवायचा खटाटोप चालला होता. हायड्रोजन इतका तापवायचा की त्याचे कण एकमेकांत मिसळून ऊर्जा देतील. साधलं तर जगाची विजेची चिंता मिटणार होती. सध्या आतली आग दोन सेकंदांत विझत होती.

टाकीत शिरायचे नियम कडक. न्यायची ती वस्तू दोरीने गळ्यात बांधायची, फळ्यावर लिहायची, बाहेर आल्यावर खोडायची. सोमवारी मिस्त्रींनी मागचे बोल्ट बघायला आरसा आत नेला. घरची वस्तू म्हणून लिहिला नाही. संध्याकाळी टाकी बंद झाली आणि पंप हवा उपसू लागले.

आरसा आत राहिला, की कुणी उचलला? मिस्त्रींनी पंपवालीला गाठलं.

"काल माझ्या कोटाजवळ कोण होतं गं?"

"मीच होते. का? काय गेलं?"

"काही नाही. सहज."

"काका, सहज विचारणारा माणूस माझ्या डब्यात डोकावत नाही!"

दुपारपर्यंत त्यांनी चार ड्रॉवर उघडून पाहिले. मग सगळ्यांनी आपापल्या ड्रॉवरला कुलपं लावली आणि साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं.

"खरं सांगा, तुम्ही कुणाचे हेर?"

"मी आता कुणाचाच नाही, साहेब," मिस्त्री म्हणाले आणि आरशाचं सांगून टाकलं.

"न लिहिता वस्तू आत नेलीत? असा गलथानपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही! टाकी उघडा. आरसा निघाला तर तुमचं आत जाणं कायमचं बंद."

आठ महिने ते टाकीच्या आधारानेच उभे होते. घरी बसून करणार काय?

टाकी गुरुवारी उघडली. मिस्त्री बॅटरी गळ्यात बांधून आत सरपटले.

"सापडला?" साहेब झडपेतून ओरडले.

"आरसा नाही, साहेब."

"मग काय आहे?"

"कंगवा."

तळाच्या फटीत अडकलेला प्लॅस्टिकचा कंगवा वितळून वाकडा झाला होता. पंपवालीने तो हिसकावूनच घेतला.

"तापला की हाच मेला वाफा सोडत होता! म्हणून आग टिकेना. आणि दोन महिने शिव्या माझ्या पंपांना!"

कंगवा कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी टाकीत बसून साहेबांनी काढून घेतलेला फोटो. एक केस इकडचा तिकडे नव्हता.

साहेबांचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"चला, कामाला लागा," ते म्हणाले. "मिस्त्री, तुम्हीसुद्धा."

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी लेकीला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो बाबा, कोट धुताना खिशात सापडला मला. आईच्या कपाटात ठेवलाय. मला विचारायचंत ना!"

जगभर संशय घेऊन झाला होता. घरात विचारायचं तेवढं राहिलं होतं.

यंत्रातली आग आता अकरा सेकंद टिकते. बोल्ट बघायला मिस्त्री प्रयोगशाळेचाच आरसा नेतात, फळ्यावर लिहून. बायकोचं कपाट त्यांनी अजून उघडलेलं नाही.