मोकलसरांचं वाचनशास्त्र

विद्यार्थ्यांकडून परत आलेलं इंग्रजी पुस्तक मोकलसर आधी हुंगतात. फोडणीचा वास आला की म्हणतात, "मुलगी." वास नाही आला तर मुलगा.

सर रोह्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात. मी रोह्यातच एका दुकानाचे हिशेब लिहितो. दोघंही पेणच्या रामवाडीत शेजारी, त्यामुळे एसटीत त्यांचा सिद्धांत रोज माझ्याच कानावर.

"निष्कर्ष ऐका. मुली खाता खाता वरवर वाचतात, म्हणून आठवड्यात पुस्तक परत. मुलं खोल वाचतात. महिनोन्महिने सोडत नाहीत."

"सर, परत न आलेलं पुस्तक वाचलेल्यात धरायचं की हरवलेल्यात?"

"तुम्ही तुमचा जमाखर्च बघा."

एका संध्याकाळी आमच्या बाकाला टेकून नीलम उभी होती. सरांचीच विद्यार्थिनी. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्यात कादंबरी. सरांनी सवयीने पुस्तक घेऊन हुंगलं.

"फोडणी! खाताना वाचतेस?"

"खाताना नाय सर, रांधताना. नुसतं वाचत बसले की आई बोलते, 'गो, हात रिकामे हायत काय?' भाऊ डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट करून येतो नि मोबाइल घेऊन लोळतो, त्याला कोन काय बोलत नाय. उद्या पेपर हाय. मागे ह्याच कादंबरीच्या पेपरात नापास झाले. परत नापास झाले तर बाबा कॉलेज बंद करनार."

सरांनी पुस्तक परत दिलं, आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठले. त्यांना खिडकीची जागा सोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मास्तर, पोरगी बसली नि तुम्ही उभे?" मागून कुणीतरी हसलं.

"संशोधन चालू आहे," सर गुडघा चोळत म्हणाले.

नागोठणं गेलं. नीलमच्या गावचा फाटा दिसू लागला, तेव्हा तिची शेवटची दोन पानं उरली होती. घरी गेल्यावर चूल होतीच.

"थांबवा!" सर एकदम ओरडले. "डबा पडला माझा खिडकीतून!"

गाडी कचकन थांबली. कंडक्टर उतरून रस्त्याकडेच्या गवतात शोधू लागला.

"मास्तर, डबा काय सोन्याचा हाय?" ड्रायव्हर वैतागला.

"कसा होता?" कंडक्टरने खालून विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

डबा पिशवीत होता. पिशवी माझ्या मांडीवर. मी ती नीट आवळून धरली.

"स्टीलचा," मी सांगितलं. "तीन पुडांचा. अजून थोडं मागे बघा." इतकी खोटी नोंद मी जन्मात केली नव्हती.

नीलमने शेवटचं पान संपवलं आणि पुस्तक मिटलं.

सर खिडकीतून वाकले. "या हो वर! सापडला."