गावंडे काका आणि बंदुकीचा आवाज

आमच्या शेजारचे गावंडे काका दिवाळीच्या आठवडाभर आधी कानात कापूस घालतात आणि तुळशीचं लग्न लागल्यावरच काढतात. तेवढे दिवस त्यांच्याशी हातवारे करून बोलावं लागतं. एरवीही त्यांचं आणि आवाजाचं वाकडंच. कुकरची शिटी व्हायच्या आत काकू गॅस बंद करतात, त्यामुळे त्यांच्याकडची तुरीची डाळ कायम अर्धी कच्ची. कोणाच्या हातात फुगा दिसला की काका रस्ता ओलांडून पलीकडे. लग्नाला जातात, पण वरात दारात यायच्या आधी आहेर देऊन मोकळे होतात. यवतमाळात राहून हा माणूस सावजीचा रस्सा भुरकणाऱ्यालासुद्धा म्हणतो, "हळू, बाप्पा, हळू!"

याचं मूळ त्यांनीच मला एकदा सांगितलं. बालपण बाभुळगावकडच्या खेड्यात गेलं. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे होते, आणि पोळा फुटला म्हणून पाटलानं भरमार बंदुकीचा बार काढला तो नेमका यांच्या कानाशी. "बैल जागचा हालला नाई, मास्तर. मी गावाच्या बाहेर सापडलो!" हे सांगून काका स्वतःच हसतात. तेही हळू.

त्यामुळे गावाबाहेरच्या रायफल क्लबात नवशिक्यांना रविवारी एकत्र नेमबाजी करू देतात हे कळल्यावर आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी जायचं ठरवलं, तेव्हा काकांना कोणी विचारलंच नाही. तर तेच म्हणाले, "मले बी घ्या."

"काका, तिथं बंदुका असतात."

"मंग मले काय तिथं भजे भेटते वाटलं काय?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. रविवारी ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. कानात कापूस होताच. शहर मागे पडल्यावर त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. कापसामुळे आपला आवाज किती चढलाय याचा त्यांना पत्ता नव्हता, म्हणून मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"वैशू कॉलेजात होती ना, तवा तिच्या खेळाच्या सरानं तिले रायफलसाठी निवडलं होतं. पुण्याले शिबिर होतं. सर घरी आलते, हात जोडून गेलते. मी म्हटलं, बंदुकीचं नाव काढाचं नाई या घरात."

वैशू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आता नाशिकला असते. दर रविवारी तिचा फोन येतो हे सगळ्या आळीला ठाऊक आहे.

"मग भांडली का?" मी ओरडून विचारलं.

"भांडली असती तर बरं होतं. चूपचाप अभ्यासाले बसली. आता फोन करते तर जेवले का, गोळी घेतली का, ठेवू का. संपलं." ते माझ्या खांद्याशी वाकले. "मले एकडाव पाहाचं हाय, मी कायले इतका भेलो. मंग तिले फोन लावतो अन् चुकलो म्हणतो. पोरीले बापानं म्हणाले पाहिजे ना कवातरी."

मी स्कूटी चालवत राहिलो.

क्लबातली शिकवणारी ताई यवतमाळचीच. बंदुकीचं तोंड नेहमी समोरच्या कागदाकडे, बोट शेवटपर्यंत घोड्याबाहेर, वगैरे तिनं समजावलं. काकांचा नंबर आला तसा त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली. "हत्याराले पहिले नमस्कार. दसऱ्याले आमी पाना-पेचकसाले बी लावतो." ताई हसली नाही. म्हणाली, "लाकडी दस्त्यावर लावा काका, नळीवर नको."

कुंकू लागलं. काकांनी बंदूक खांद्याला लावली, दोन्ही डोळे घट्ट मिटले, तोंडानं देवाचं नाव सुरू केलं. आम्ही श्वास रोखून उभे.

"झालं काका," ताई म्हणाली.

त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं खांद्याला हात लावला.

"काय झालं?"

"गोळी सुटली."

"कवा?"

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी कानांतला कापूस काढून खिशात टाकला. "पुन्हा मारू द्या." या वेळी डोळे उघडे होते. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढा आवाज झाला. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा मारली. शेवटी कागद आणले तेव्हा काकांचा कोरा करकरीत, आणि शेजारच्या माझ्या कागदावर मी मारल्यापेक्षा जास्त भोकं. पुन्हा हशा पिकला. काका मात्र बाकावर जाऊन बसले होते.

"ताई, कॉलेजातल्या पोरी हेच चालवते काय?"

"हो काका, सुरुवातीला हीच. एअर रायफल. हवेवर चालते."

"एवढाच आवाज?"

"एवढाच."

काका माझ्याकडे वळले. "त्या सरानं सांगतलं होतं, मास्तर. आवाज नसते म्हणे, एकडाव येऊन तर पाहा. मी ऐकूनच नाई घेतलं." मला फार वाईट वाटलं. मघाशी आपण किती हसलो तेही आठवलं.

बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी फोन लावला. फोन कानाला लावायचीही त्यांना धास्ती, म्हणून स्पीकरवर.

"वैशू, मी आज बंदूक चालवली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "बाबा? तुम्ही? एअर रायफल? डोळा मिटला होता का? मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे. कोपर कुठं टेकलं? आणि श्वास अर्धा सोडून थांबायचं. घोडा ओढायचा नाही, नुसता दाबत राहायचा, आपल्यालाच कळलं नाही पाहिजे कधी सुटली ते..." ती बोलतच राहिली. कॉलेजामागची भिंत, तिथं टांगलेले कागद, सरांचं ओरडणं, बरोबरीच्या मैत्रिणी. काका मान हलवत होते, जणू तिला दिसत होती. मध्येच एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. बऱ्याच वेळानं तिला घरातून कोणीतरी हाक मारली, तसा तिनं फोन ठेवला.

"काका, म्हणायचं होतं ते राहिलं ना?"

"राह्यलं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"ती बोलून राह्यली होती ना, मास्तर. चुकलो म्हटलं असतं, तर गप झाली असती."