मोबली पाटलांची वारसनोंद

आमच्या वास्तुशांतीला खैरनार भाऊसाहेब आले, पाटावर बसले, प्रसादाचा शिरा हातात घेतला आणि माझ्या मुलाला म्हणाले, "जमिनीचा मूळ खातेदार कोण?"

मिलिंद हसला. "बँक!"

"ते घराचं झालं. जमिनीचा?"

"काका, बिल्डरकडून घेतलंय. पेपर्स सगळे क्लिअर आहेत."

भाऊसाहेबांनी तोंडाशी नेलेला घास परत ताटलीत ठेवला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आणि उद्या वारस उभा राहिला तर?"

घरात वीस-पंचवीस माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. गुरुजींनीसुद्धा मान वर करून पाहिलं. माझ्या सुनेचा चेहरा तर असा झाला, जणू वारस दारात चपला काढतोय.

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावी आमच्या वसाहतीत तेव्हा अकरा मराठी घरं होती आणि अकराही घरांत भाऊसाहेबांनी हा प्रश्न विचारून ठेवला होता. दोन हजार तीन साल होतं. आमची माणसं आधीच घाबरून राहत. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडल्यापासून दुकानात कुणी जरा रोखून पाहिलं तरी पोरं घरी येऊन सांगत. कुणाची नोकरी गेली होती, कुणाचा व्हिसा लटकला होता. त्यात भाऊसाहेबांनी हा वारस सोडला. पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी तर अंगणापुढे गाडी थांबली की पडदे ओढून घ्यायची.

भाऊसाहेब नाशिक जिल्ह्यात एकतीस वर्षं तलाठी होते. बायको गेल्यावर मुलीने, सुनंदाने, त्यांना इकडे आणलं. उन्हाळा असो की थंडी, अंगात राखाडी सफारी, पायात मुलीने घेतलेले पांढरेफेक बूट, खिशात मोजणीचा टेप. रस्त्याने चालताना पावलं मोजत चालायचे. मध्येच कुणी हाक मारली तर ओ न देता हात वर करायचे, म्हणजे आकडा विसरायला नको. बाकी माणूस अतिशय भित्रा. पोस्टमन दिसला तरी बाजूला होऊन उभे राहायचे. का, तर त्याला गणवेश आहे.

मी सिन्नरकडची. चौथी शिकलेली. ते मला वहिनी म्हणायचे आणि माझ्यावर त्यांचा भरवसा बसला तो माझ्या अक्षरामुळे. भिशीच्या वहीतली माझी सही बघून म्हणाले, "वहिनी, वळण चांगलं आहे. पंच म्हणून चालाल."

"कशाची पंच?"

"पंचनामा आहे. उद्या दहाला या. डोक्याला रुमाल बांधा, ऊन असतं."

वसाहतीच्या मागे, शेवटच्या घरांच्या पलीकडे पाइनची झाडी होती. तिथे भाऊसाहेबांना एक जुनं कबरस्तान सापडलं होतं. चौदा दगड. पाचांवर अक्षरं, बाकीचे नुसते ओबडधोबड. सगळ्यात मोठ्या दगडावर नाव होतं इझेकील मोबली.

"हे इथले मूळ खातेदार," भाऊसाहेब टोपी काढून म्हणाले. "पावणेदोनशे वर्षांपूर्वी आले. तुमचं घर, आमचं घर, ते टेनिस कोर्ट, सगळा यांचा मळा. कापूस आणि मका. मोबली पाटील म्हणा ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोर्टाच्या दप्तरात आहे. सुनंदा शनिवारी सोडते मला तिथे. वहिनी, काय दप्तर ठेवलंय! नुसता वास घेतला तरी कळतं, पानं जागच्या जागी आहेत."

मग म्हणाले, ही जमीन मोबलींना सरकारने चिठ्ठ्या काढून दिली होती. त्याआधी इथे चेरोकी, म्हणजे इथले मूळचे आदिवासी राहत. त्यांना हाकलून दिलं.

"म्हणजे मोबली मूळ खातेदार नव्हेतच," मी म्हटलं.

भाऊसाहेब मटकन दगडावर बसले आणि तो मोबलींचा दगड आहे हे लक्षात येताच तसेच उठले. "मीही तीन रात्री तोच विचार करतोय. म्हणजे वारस दोन बाजूंनी येणार, वहिनी. दोन बाजूंनी."

त्यांनी पिशवीतून लाल फडक्यात बांधलेली वही काढली. आत मोबलींचं सगळं खानदान देवनागरीत लिहिलेलं. इझेकील, मयत. त्याची बायको, मयत. मुलगे सहा. एक लढाईत, एक तापाने, एक टेक्सासला गेला तो तिकडेच निर्वंश. असं करत सगळी खाती बंद होत गेलेली. बिनअक्षराच्या दगडांपुढे त्यांनी लिहिलं होतं, लहान मूल असावे.

"सही करा."

"मी नाही करणार. मूल असावे म्हणजे काय? जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली मी सही करत नाही. चौदा दगड पाहिले, तेवढंच लिहा."

त्यांना माझा राग आला नाही. उलट माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि ती ओळ खोडली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

आम्ही पश्चिमेची बाजू मोजत होतो, तेवढ्यात झाडीत भलीमोठी पिकअप गाडी येऊन थांबली. आतून सहा फुटी गोरा उतरला. पायात बूट, कमरेला पट्टा, पट्ट्याला काहीतरी लटकलेलं. भाऊसाहेबांनी टेप सोडला आणि दोन्ही हात वर केले. मीही केले. साडीचा पदर सुटला तरी हात खाली घेतले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला वाटलं संपलं. मिलिंदने बजावलं होतं, परक्या जागेत पाऊल टाकू नकोस, इथे लोक गोळी घालतात.

"मॅम, यू ओके?" तो म्हणाला.

त्याच्या पट्ट्याला लटकलेला होता तो मोजणीचा टेप. आमच्यापेक्षा मोठा. गडी मोजणीदार निघाला. त्याने जमिनीत नारिंगी झेंड्या खोचल्या, झाडाला एक कागद ठोकला, आम्हाला पाण्याची बाटली दिली आणि गेला.

भाऊसाहेबांनी कागद वाचला. इंग्रजी ते सावकाश वाचायचे, एकेका शब्दावर बोट ठेवून. शेवटाला आले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. त्या जागी पोहण्याचा तलाव आणि क्लबहाऊस होणार होतं. दगड उचलून दुसऱ्या गावच्या कबरस्तानात नेणार. कुणा नातेवाइकाची हरकत असेल तर त्याने महिन्याने होणाऱ्या सुनावणीला हजर राहावं.

"आणि वारस उभा राहिला नाही तर?" भाऊसाहेब म्हणाले.

एवढी वर्षं वारस येईल म्हणून घाबरणारा माणूस त्या दिवसापासून वारस येणार नाही म्हणून घाबरायला लागला. त्यांचं जेवण सुटलं. म्हणायचे, "खुणेचा दगड हलला की संपलं. मग कुणी कितीही ओरडो." सुनंदा मला येऊन म्हणाली, "मावशी, बाबांना समजवा ना. ह्यांचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. कुठल्या ऑफिसमध्ये आमचं नाव आलं तर? हू आर दीज मोबलीज टू अस?"

मी समजवायला गेले. भाऊसाहेब वही उघडून बसले होते.

"वहिनी, मुलगे सहा लिहिले आहेत ना? पण चर्चच्या वहीत बाप्तिस्मे सात आहेत. सातवी मुलगी. लव्हिनिया. नदीपलीकडे कॉग्बर्नांकडे दिलेली. तिचा वंश कुणी शोधलाच नाही."

"का?"

"मुलगी ना. दिल्या घरी गेली की संपली. सगळीकडे असंच लिहितात."

फोनच्या जाड पुस्तकात कॉग्बर्न सव्वीस निघाले. सुनंदा फोन करायला तयार नव्हती, मग भाऊसाहेबांनीच सुरुवात केली. दोन दिवस आधी आरशापुढे उभे राहून सराव केला. फोन लावायचे, उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम स्पीकिंग अबाउट युवर डेड लँड."

लोक फोन आपटायचे. तेव्हा इथल्या लोकांना भारतातून काहीबाही विकायला फोन येत. एकाने सांगितलं, मला नको. दुसऱ्याने पोलिसांना कळवीन म्हणून दम दिला, तर भाऊसाहेब दोन तास कपड्यांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या तासाला उठले आणि पुढचा नंबर लावला. मी शेजारी बसून नावांवर फुल्या मारत होते.

एकोणिसाव्या नंबरावर एक म्हातारी होती. डोरोथी कॉग्बर्न. तिने फोन आपटला नाही. तिला कमी ऐकू यायचं आणि घरात दुसरं बोलायला कुणी नव्हतं. ती सव्वा तास बोलली. गुडघ्याबद्दल, मांजराबद्दल, आणि शेवटी तिच्या आजीच्या आजीबद्दल, जी नदीपलीकडून आली होती आणि माहेरच्या मकेच्या भाकरीची आठवण काढायची. नाव लव्हिनिया.

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बोटाने वहीतल्या सातव्या ओळीवर टकटक केलं.

सुनावणीला जाऊ नका असं जावयाने सांगितलं होतं. ते गेले. सुनंदानेच गाडी काढली. मलाही नेलं. दारावरच्या शिपायाने लाल फडक्याचं बोचकं बघून हात पुढे केला. "ओपन इट, सर." भाऊसाहेबांना गाठ सुटेना. शेवटी मीच सोडली. शिपायाने वही उलटीसुलटी केली, देवनागरी अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात भाऊसाहेब घामाने भिजले. मग त्याने हाताने आत जा अशी खूण केली.

आत टेबलामागे पाच माणसं. त्यांनी मोबलींचं नाव पुकारलं. कुणी नातेवाईक हजर आहे का? कुणी नाही. डोरोथीबाईंना फोनवर तारीख कळवली होती, पण त्या आल्या नव्हत्या. पुन्हा पुकारलं. भाऊसाहेब खुर्चीची कड धरून बसले होते. टेबलामागचा माणूस कागद बाजूला ठेवू लागला, तेवढ्यात मागचं दार कुरकुरलं. चारपायी काठी टेकत, निळा झगा घातलेली एक म्हातारी आत आली आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी सुनंदाला विचारलं.

"म्हणते, मी आहे."

भाऊसाहेब उठून उभे राहिले. त्या बाईंना त्यांनी पूर्वी पाहिलंही नव्हतं. हात जोडले आणि सगळी सुनावणी संपेपर्यंत तसेच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पुढे तलाव दुसऱ्या बाजूला गेला आणि चौदा दगडांभोवती लोखंडी कुंपण झालं.

त्याच दुपारी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. सातव्या ओळीसमोर लिहिलं होतं, लव्हिनिया हिची वारस डोरोथी, समक्ष हजर. मी सही करायला पेन उचललं, तर खाली एक ओळ सोडून आणखी एक नाव दिसलं. चंद्रभागा, हयात.

"ही कोण? मोबलींत चंद्रभागा कुठून आली?"

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"नोकरीचं तिसरं वर्ष होतं. चंद्रभागेचा बाप मेला, वारसनोंदीला तिचे दोघं भाऊ आले. म्हणाले, बहीण मयत, मागे कुणी नाही. मी लिहिलं. चौकशी केली नाही. दोन वर्षांनी ती चावडीच्या दारात येऊन उभी राहिली. मला म्हणाली, भाऊसाहेब, मी मेले म्हणून लिहिलंत म्हणे. बघून घ्या."

"मग?"

"मी घाबरलो. नोकरी नवी होती. म्हटलं, तहसीलला अर्ज कर. ती गेली. परत आली नाही. सव्वीस वर्षं चावडीचं दार वाजलं की मी तिकडेच बघत होतो."

मला गोड बोलता येत नाही. मी सरळ विचारलं, "आता कशावरून हयात? म्हातारी झाली असेल. मेलीही असेल."

"नाव कमी करायला पुरावा लागतो, वहिनी," ते म्हणाले. "एकदा बिनपुराव्याचं कमी केलं. आता नाही."

चंद्रभागेला मी कधी पाहिलेलं नाही. मी चष्मा लावला आणि दोन्ही नावांखाली सही केली.