दाजींची रांग

गुरुवारी दुपारी माझी बहीण सिंधू वारली. दिवसकार्य आटोपून तिचा नवरा कामावर आला आणि टेबलासमोरच्या फरशीवर खडूने चार चौकोन आखून बसला.

बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात, दाजी संगणक सांभाळत. मी त्याच ऑफिसात कारकून. चौकोनात उभा असेल त्याचंच ऐकायचं, पाचव्याने दाराबाहेर थांबायचं, असा नियम निघाला. बोलणंही चाळीस अक्षरांत. दाजी बोटांवर मोजत. रंगखात्याच्या मास्तरांना म्हणत, "नमस्कारात चार कशाला घालवलीत, मास्तर? रंग सांगा." ऐकून झालं की, "पोचलं. पुढचे."

एकदा शेठच पाचवे निघाले.

"वामनभाई, मिल मारी छे."

"हा शेठ. पण लाइन फुल छे."

मालक असूनही शेठ बाहेर स्टुलावर बसून चहा प्याले. पुढे आमची धरणगावची मावशी भेटायला आली, गळा काढून रडू लागली, तर तिलाही मध्येच, "मावशी, पोचलं. पुढचे." रांगेत तिच्यानंतर कुणीच नव्हतं.

लोक म्हणाले, डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं.

खरी अडचण संगणकाची होती. ऑफिसातून रंगखात्याला जाणारे निरोप त्यात रांगेत थांबत. तिकडे कुणी निरोप वाचला की तो रांगेतून नाहीसा होई. एका वेळी किती थांबू शकतील, ही मर्यादा कर्नेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभ्यात, ठरलेली. काम वाढलं, रांग तुंबू लागली, पडदे गोठू लागले. आकडा वाढवणं दाजींच्या हातचा मळ. फक्त यंत्र एकदा बंद करून चालू करावं लागे. तेवढं ते करेनात. त्याऐवजी त्यांनी चौकोन आखून निरोप आणणारी माणसं कमी केली. वीज गेली की यंत्राची बॅटरी संपायच्या आत चपला सोडून जनरेटरकडे धावत.

सात महिन्यांनी नवं छपाई मशीन आलं, निरोप आणखी वाढले. शेठ म्हणाले, "शनिवारे बंद करो, नकर बीजो माणस लावीश." नाही तर दाजींची नोकरी जाणार होती.

शनिवारी दाजींनी मला पडद्यावर फक्त त्यांच्यासाठीची एक वेगळी रांग दाखवली. निरोप एक, अक्षरं चाळीस.

"सिंधूचा आहे. गेली त्याच्या आदल्या दिवशी डबा घेऊन आली, मी रंगखात्यात होतो. टाइप करून गेली. म्हटलं, उद्या वाचू."

"मग वाचून छापून घ्या ना, दाजी."

"वाचला की तिचं सांगून झालं, बापू. आत्ता ती सांगतेय."

यंत्र बंद केलं असतं तर निरोप न वाचताच पुसला गेला असता. दाजी कळांवर बोटं ठेवून बसले. "तू दाब," म्हणाले. माझ्याने होईना. शेवटी निरोप वाचायची कळ त्यांनीच दाबली.

इंग्रजी अक्षरांत सिंधूची अहिराणी आली: डबामा तीन भाकरी शेतस. एक बापूले द्या.

दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिन्ही मीच खाल्ल्या रे."

मग त्यांनी आकडा वाढवला आणि यंत्र बंद केलं.

हल्ली दाजी स्वतः भाकरी थापतात. जाड होते, कडेला करपते. दुपारी आम्ही दोघं जेवायला बसतो.